इंचाला जरा कमी

नेल्डाने पाटीचा विषय काढला तेव्हा रॉइस टिडमोरच्या काट्याला अंड्याचा बलक लागलेला होता, आणि तो काटा तसाच हवेत राहिला. कॉफी ओतता ओतता, आज बिस्किटं जरा करपलीत असं सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "दारावर पाटी लावायची म्हणते मी, रॉइस. आत बंदूक आणायची नाही, अशी. लपवलेली नाही न् दिसणारी पण नाही. आणि ती तूच रंगवायचीस. दुकानातली छापील चिकटवून टाकायची मला नको." रॉइस बरं म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. नेल्डाच्या या खानावळीत जेवढी म्हणून अक्षरं होती ती सगळी त्याच्या हातची होती. काचेवरचं सोनेरी नाव त्याचं, गल्ल्यामागचा दरांचा फळा त्याचा, मागच्या बाजूच्या दोन दारांवरचे 'पुरुष' आणि 'बायका' तेही त्याचेच. आमच्या या लबक शहरात आता असं हाताने अक्षर काढणारं फारसं कुणी उरलेलं नाही; मशीन प्लास्टिकची अक्षरं कापून देतं आणि लोक ती चिकटवतात. नेल्डा मात्र जुन्या वळणाची. समोर बसलेल्या डेल्बर्ट हेनीने ताबडतोब तोंड घातलं. उभा जन्म कापसाच्या जिनिंग गिरणीत काढून निवृत्त झालेला हा माणूस दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायलाच सकाळी घराबाहेर पडतो. "म्हणजे आता बाहेर खुंट्या ठोकणार का तू, नेल्डा? टोप्या टांगतात तशा टांगून यायच्या?" "तुझ्या जिभेसाठीपण एक पाटी करून घेतली असती," नेल्डा म्हणाली, "पण दाराला तेवढी जागा नाही." डेल्बर्ट हसला. रॉइसही हसला, पण बलक काट्यावर सुकून गेला होता आणि त्याने तो काटा खाली ठेवला.

पाटीचं ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवली ती उजव्या कमरेची वस्तू. एरवी ती जाणवायची नाही. नाकावरचा चष्मा असतो तशी ती पट्ट्याच्या आत, सैल शर्टाखाली असायची. आता मात्र तिचं वजन कळलं, चामडं कातडीला घासतंय हे कळलं, आणि मागोमाग पायाखालची फरशी किंचित हलली. फरशी हलली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. हलली होती ती शिडी, चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, एका टायरच्या दुकानाच्या भिंतीवर. वाऱ्याने डोळ्यांत लाल धूळ जात होती आणि तो मालकाच्या नावातलं मोठं अक्षर काढण्यात गुंग झाला होता. खाली दोन पोरं आली. एकाने शिडी धरली आणि हलवायला लागला. जोरात नाही, चिडून नाही. पेकनचं झाड हलवून त्याची अक्रोडासारखी फळं पाडावीत तशी, सावकाश, मजेत. दुसरा म्हणाला, पाकीट टाक. रॉइसने टाकलं. मग तो म्हणाला, तो डबापण टाक. डब्यात ब्रश होते, खारीच्या केसांचे, काही तर त्याच्या बापाने वापरलेले. त्या पोरांच्या ते कशाच्या कामाचे होते देव जाणे. तेव्हा रॉइस शिडीच्या पायरीला मिठी मारून म्हणाला, "घ्या, सर. सगळं घ्या, सर." पोरं विशीचीसुद्धा नसतील. शिडी हलवणारा खदाखदा हसला आणि ती दोघं चालत, पळत नव्हे, चालत निघून गेली. पाकीट गेलं त्याचं त्याला काही वाटलं नाही. ब्रश गेले त्याचं फार वाईट वाटलं. पण 'सर' शब्द आपल्या तोंडून गेला हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि स्वतःलाही तो शक्यतो आठवू देत नसे. तेव्हापासून उंच भिंतीचं काम आलं की तो गुडघ्याचं कारण सांगायचा.

मग त्याने पिस्तूल घेतलं. आमच्याकडे ते घेणं काही अवघड नाही. माणूस शनिवारी बूट घ्यायला जातो तसा जाऊन येतो. रॉइस तरी शिस्तीचा, त्याने शिकवणी लावली, नेम धरायला शिकला, नियम तर असे पाठ केले की शिकवणाराच त्याला विचारू लागला. कुठे नेता येतं, कुठे नाही, कोणत्या दाराशी कोणती पाटी असली की मागे फिरायचं. पहिल्या दिवशी ते कमरेला लावून तो अंगणात उभा राहिला आणि जमीन स्थिर झाली. इतकी साधी गोष्ट होती ती. ते त्याने कधी कुणावर काढलं नाही, काढावं असं त्याच्या मनातही नव्हतं. ते फक्त बूड जड असलेल्या बाटलीसारखं त्याला उभं ठेवत होतं. शर्ट तेवढे एका मापाने वाढले आणि पँटीत खोचायचे बंद झाले. आणि ग्लेंडा, त्याची बायको, त्याला डाव्या बाजूने मिठी मारायला लागली. तिने कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाली, "उजवीकडची जागा गेली म्हणायची माझी." त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि आता नेल्डाच्या टेबलावर बसून त्याला ते नेमकं आठवलं.

नेल्डाला पाटी का हवी हे विचारायची गरज नव्हती. आदल्या आठवड्यात तो तिथे होता. बाहेर गाडी कुणी आधी लावली यावरून दोन माणसांचं जुंपलं, ते भांडत भांडतच आत आले, आणि त्यातल्या एकाने बोलता बोलता शर्टाचं टोक नुसतं वर उचललं. पिस्तुलाची मूठ दिसली एवढंच. नेल्डाच्या हातातून कॉफीचं भांडं पडून फुटलं, त्या आवाजाने दोघंही भानावर आले आणि लाजून दोन दिशांना गेले. सगळ्यांना आठवत होतं ते फुटलेलं भांडं. रॉइसला मात्र दोन दुसऱ्याच गोष्टी आठवत होत्या. शर्ट उचलणाऱ्या माणसाचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, शिडीवरून आपला दिसला असेल तसा. आणि त्याच वेळी आपलाही हात टेबलाखालून आपल्या कमरेकडे गेला होता. वाढपी मारिसोल त्या दोघांच्या मधे उभी होती. तिच्या हातात कुणाच्यातरी मुलाचा दुधाचा पेला होता आणि ती हललीही नव्हती. आपला हात तिथपर्यंत गेला होता ही गोष्ट रॉइस आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होता. तरीसुद्धा पाटीचं ऐकल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मग आता आपण नाश्ता कुठे करायचा.

घरी ग्लेंडाला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग रंगव की." "आणि मी कुठे खाऊ?" "तिथेच. बाकीचे खातात तसं." "बाकीच्यांचं वेगळं आहे." "काय वेगळं आहे?" तिने सुरी थांबवून विचारलं. तो परसातल्या आपल्या शेडमध्ये निघून गेला. तिथे तारपीनचा वास होता, खिडकीतून दुपारचं ऊन फळ्यावर पडलं होतं, आणि वास्तविक ही त्याची जगातली सगळ्यात आवडती जागा. या पाटीचं कायद्याने सगळं ठरवून दिलेलं आहे. मजकूर ठरलेला, शब्द न् शब्द, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. रंग एकमेकांवर उठून दिसले पाहिजेत. आणि अक्षर ठोकळ्यासारखं सरळ, उंचीला निदान एक इंच. त्याहून कमी भरलं तर ती पाटी नुसती शोभेची. ती ओलांडून कुणी पिस्तूल आत नेलं तर या कलमाखाली त्याने काही मोडलं असं होत नाही. रॉइसला हे पाठ होतं. त्याने पांढऱ्या फळ्यावर खडूची दोरी ताणली, खालची रेघ मारली, आणि वरची रेघ मारायला पोलादी पट्टी लावली. पट्टी लावली आणि हात जरा खाली आला. केसभरापेक्षा थोडा जास्त. इंचाचा सोळावा हिस्सा असेल.

त्याने ठरवून केलं असं म्हणवत नाही, आणि चुकून झालं असंही नाही. रेघ मारून झाल्यावर तो तिच्याकडे बघत बसला आणि त्याच्या मनात एक फार सभ्य, फार समजूतदार आवाज बोलायला लागला. कुणाचं काय नुकसान आहे? नेल्डाला पाटी मिळते. येणारे-जाणारे वाचून मागे फिरतील, पट्टी लावून कोण बघतंय? आणि आपण कायदाही मोडत नाही. रॉइसला कायदा मोडायचा नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने लाल दिवा ओलांडला नव्हता. कायदा पाळायचा आणि भीतीही जपायची, अशी दोन्ही कामं एका रेघेत होत होती. ब्रश हातात घेतल्यावर तर बाकीचं हाताने परस्पर केलं. गोल अक्षर रेघेबरहुकूम काढलं तर डोळ्याला बुटकं दिसतं, म्हणून ते वर-खाली किंचित बाहेर काढावं लागतं, तेव्हा कुठे ते शेजारच्या सरळ अक्षराएवढं वाटतं. डोळ्याला असं फसवणं हा त्याच्या धंद्यातला प्रामाणिकपणा होता. बापाने त्याला तो शिकवला होता, हात धरून. आज मात्र त्याने सरळ अक्षरांचे पाय जाड केले, गोल अक्षरं जरा फुगवली, ओळींमधली हवा कमी केली, आणि सोळावा हिस्सा असा बेमालूम गिळला की स्वतः मागे सरून बघितलं तर त्यालाही सापडेना. काम सुरेख झालं होतं. त्याच्या बापानेही शाबासकी दिली असती, आणि हे मनात येताच त्याला ब्रश धुवायची घाई झाली.

पाटी लागली त्या सकाळी मारिसोलने खालचा स्पॅनिश भाग मोठ्याने वाचून दाखवला, एकेका शब्दावर बोट ठेवून. "एकपण चूक नाही, मिस्टर रॉइस. आमच्या शाळेतल्या बाई करायच्या यापेक्षा जास्त चुका." नेल्डा हात पुसत बाहेर आली, बघत राहिली, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून आत गेली. रॉइस आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला, दाराकडे तोंड करून, अगदी कडेला. कमरेला वजन होतंच. दारातून येणारे लोक दिसत होते. एक कंत्राटदार आला, पाटीपुढे थबकला, ओठ हलवत वाचली, आणि आपल्या पिकअपकडे परत गेला. आत वाकून सीटखालच्या पेटीत काहीतरी ठेवलं, कुलूप लावलं, आणि आला. येताना चालणं जरा बदललेलं होतं, नव्या बुटात चालतो तसं. मग एक नर्स, ड्युटीवरून आलेली, दमलेली. तिने कपाळाला हात लावला, मागे गेली, परत आली. एक धिप्पाड माणूस वाचून सरळ निघून गेला, पण गेला तो पाटीला मान देऊनच. रॉइसने काढलेली खोटी अक्षरं लोक खरी समजून पाळत होते. वाऱ्यात, धुळीत, दोन-दोन खेपा घालत होते. आणि साऱ्या खानावळीत बहुधा एकटा तो, ज्याने ती लिहिली तो, पिस्तूल घेऊन बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि नवल म्हणजे वजन जागच्या जागी असूनही फरशी हलायला लागली.

नेल्डा कॉफी घेऊन आली तेव्हा गर्दी ओसरली होती. ती कधी नव्हे ती समोरच्या खुर्चीवर बसली. "एक सांगू तुला? वकील म्हणाला, पाटीसुद्धा लागत नाही. मी नुसतं तोंडाने सांगितलं तरी तेवढंच लागू होतं. बाहेरच्या माणसाला सांगेनपण. तुला नाही सांगणार मी." तो तिच्याकडे बघेना. "तुझे शर्ट गेली चार वर्षं मी बघतेय, राजा. आधी तू पाठ टेकून बसायचास. पायसुद्धा लांब करायचास, मारिसोल अडखळायची. आता कसा बसतोस बघ, बस चुकायची असल्यासारखा. मी तोंडाने सांगितलं तर तू ऐकशील, तू ऐकणाराच आहेस. पण मग ते माझं सांगणं झालं." ती उठायला लागली. रॉइसला वाटलं, आता ही उठली की विषय संपला, आणि मग आपल्याला या दारातून कायमचं चोरासारखं यावं लागेल. "अक्षरं कमी पडलीत, नेल्डा," तो म्हणाला. "कसली?" "पाटीची. इंचाला जरा कमी आहेत." तिने मान वळवून काचेतून पाटीच्या पाठीकडे बघितलं. "दिसत तर नाही." "म्हणूनच," तो म्हणाला. मागे स्वयंपाकघरात तवा खरवडल्याचा आवाज येत होता. "चुकून झालं?" तिने विचारलं. "माझ्या हातून असलं चुकून होत नाही." ती चिडेल असं त्याला वाटलं, पण नेल्डा रागावली नाही. तिने टेबलावरचा पावाचा तुकडा फडक्याने झटकला. "मग दुसरी कर. आणि ती जरा मोठीच कर. डेल्बर्टला चष्मा कधी सापडत नाही, न् सापडला तर लावत नाही."

दुसरी पाटी करताना त्याने पट्टी दोनदा लावली नाही. रेघ इंचाच्या वर गेली तशी जाऊ दिली. ब्रश नवा होता, चार वर्षांत हाताला कधी नीट लागला नव्हता, त्या दुपारी लागला. पाटी लावायच्या दिवशी वारा होता, लबकचा वसंतातला वारा, तोंडात वाळू घालणारा. पाटी लावून, स्क्रू पिळून, तो आपल्या पिकअपपाशी परत आला, दार उघडून आत वाकला, आणि पट्ट्याच्या आतून पिस्तूल काढून सीटखालच्या पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण बंद करायला हात धजेना. दात काढलेल्या हिरडीसारखी कमरेची जागा रिकामी लागत होती, आणि शर्ट वाऱ्याने भरून उगाच फडफडत होता. त्याला शिडी आठवली, पोरगं आठवलं, हसणं आठवलं. आता कुणी आलं तर? आलं तर काय, असं तो स्वतःलाच म्हणाला, आणि याचं उत्तर आपल्याजवळ नाही हे त्याला कळलं. चार वर्षं उत्तर कमरेला होतं, पण तेही कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने झाकण लावलं, कुलूप लावलं, शर्ट पँटीत खोचला आणि चालायला लागला. दाराशी त्याने पाटी पूर्ण वाचली, दोन्ही भाषांत, परकी असल्यासारखी. मग आत गेला.

डेल्बर्ट आधीच बसलेला होता. रॉइस समोर बसला आणि बसताक्षणी फरशी हलायला लागली. नेहमीसारखी किंचित नाही. थडथड, थडथड, चक्क टाचांतून गुडघ्यांपर्यंत. उठावं, गाडीपर्यंत जावं, ग्लेंडाला सांगावं की नाही जमलं. त्याने टेबलाची कड धरली तर टेबलही हलत होतं, मिरपुडीची बाटली वाजत होती. शिडीच्या आठवणीने बाटली वाजत नाही, एवढं भान त्याला होतं. त्याने वाकून टेबलाखाली बघितलं. डेल्बर्टचा भलामोठा बूट शिवणयंत्राच्या पायडलवर असावा तसा एकसारखा आपटत होता.

"काय बघतोस?" डेल्बर्ट म्हणाला.

"तुझा पाय."

"माझाच आहे. उसना नाही आणला." मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "गाडीत ठेवून आलोय. माझी नॉर्मा वारल्यापासून पहिल्यांदा."

"तुझ्याकडे होती?" रॉइस बघतच राहिला. जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा माणूस. "मला वाटलं तू..."

"मी काय? घरात एकट्याला झोप लागेना, म्हणून घेतली. मग म्हटलं, दुकानापर्यंत नेऊ. मग म्हटलं, चर्चला नेऊ." डेल्बर्ट कपाकडे बघत होता. "इथे अर्ध्या टेबलांवर होती, रॉइस. बघ की आज सगळे. दात काढून आल्यासारखे बसलेत."

रॉइसने बघितलं. कंत्राटदाराचा हात दर थोड्या वेळाने कमरेला जात होता आणि रिकामा परत येत होता. नर्स पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. भित्रा आपण एकटेच असं चार वर्षं त्याने मानलं होतं, आणि या समजुतीचंच ओझं किती होतं ते आता कळत होतं. त्याने टेबलाखालून आपला बूट पुढे सरकवला आणि डेल्बर्टच्या बुटावर हलकेच ठेवला. थडथड मंद झाली. मग थांबली.

"मी त्या पोरांना सर म्हणालो होतो," रॉइस म्हणाला. "शिडीवरून. घ्या सर, म्हणालो."

मारिसोल शेजारून ताटं घेऊन गेली. डेल्बर्टने फार गंभीरपणे विचार केला.

"शिडी हलवत होते ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. मी तर त्यातल्या दुसऱ्या पोराला मॅडमसुद्धा म्हणालो असतो."

रॉइसला आधी कळलंच नाही. मग पोटातून काहीतरी वर आलं, आणि तो हसायला लागला, पाठ खुर्चीला टेकली, पाय लांब झाले, मारिसोल अडखळून "अहो मिस्टर रॉइस" म्हणाली तरी त्याला थांबता येईना. गल्ल्यामागून नेल्डा बघत होती. मिरपुडीची बाटली पुन्हा वाजत होती, कॉफी टेबलावर सांडत होती, आणि या खेपेला हलवणारा तो स्वतःच होता.